पुराव्याचे ओझे कोणावर?

कल्पना चावला ‘कोलंबिया’ यानासोबत गेल्या, तेव्हा आपल्याकडे घरोघरी एकच उद्गार निघाला, ‘नशीब बिचारीचे!’ आम्ही तथागतांचा कार्यकारणभाव मानणारे. म्हणून नशीब बाजूला ठेवून आम्ही त्या अपघाताचा चौकशी अहवाल वाचला.

यान ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते, तेव्हा त्याच्यापुढची हवा दाबली जाऊन भयंकर तापते. (सगळी उष्णता घर्षणाचीच, हा शाळेपासूनचा अर्धवट समज.) कोलंबियाच्या पोटाखाली सिलिकाच्या टाइल्स होत्या. त्यांत नव्वद टक्के हवाच, म्हणून वजनाला अगदी हलक्या. पंखांच्या पुढच्या कडेला मात्र त्या पुरत नाहीत. तिथे कार्बनच्या धाग्यांनी बळकट केलेल्या कार्बनची कवचे होती, एकेका पंखाला २२. हा पदार्थ सोळाशे अंशांचा ताप सोसतो, पण जोरदार धडक त्याला सोसत नाही. आणि त्याच्या मागचा पंखाचा सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा, जे ६६० अंशांना वितळते.

१६ जानेवारी २००३ रोजी उड्डाणानंतर ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरील फोमचा सुमारे पाऊण किलोचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. चित्रफितीत ते दिसले. इंजिनिअरांनी लष्कराच्या कॅमेऱ्यांतून पंखाची छायाचित्रे मागितली. ती काढलीच गेली नाहीत. फोम पूर्वीही पडला होता आणि याने सुखरूप परतली होती, मग आताच एवढे काय, असा वरच्यांचा हिशेब. १ फेब्रुवारीला त्या पंखात तप्त वायू घुसला आणि सात जण गेले.

वकील म्हणून आम्ही अहवालातल्या एका मुद्द्यापाशी थांबलो. यान सुरक्षित आहे, हे व्यवस्थापनाने सिद्ध करायचे. इथे ते असुरक्षित आहे हे सिद्ध करण्याचे ओझे इंजिनिअरांवर आले! १९८६ मध्ये ‘चॅलेंजर’च्या आदल्या रात्रीही हेच घडले होते. पुन्हा पुरावा मिळणार होता तो छायाचित्रांतून, आणि तीच नाकारलेली. एखादी गोष्ट ज्याला खास ठाऊक, ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर, असे १८७२च्या पुरावा कायद्याचे कलम १०६ सांगत होते. २०२३च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते तत्त्व कायम आहे. आत वायू आहे म्हणून गटारात उतरायला नकार देणाऱ्या आमच्या बांधवालाच मुकादम विचारतो, ‘तुला कसे कळले?’ तिथे हे कलम कुणाला आठवते?

अपघाताला फोमइतकीच संस्थेची कार्यसंस्कृती जबाबदार आहे, असे चौकशी मंडळाने स्पष्ट लिहिले. फोमने एवढे मजबूत कवच फुटेल, यावर तोवर अनेकांचा विश्वास बसत नव्हता. अखेर ७ जुलै २००३ रोजी टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे तसाच तुकडा तोफेतून तशाच कवचावर डागला. सुमारे ४० सेंटिमीटरचे भगदाड पडले. तोवर पाच महिने उलटले होते.