नंबर एकवर जो आहे, त्याला माहितीये का?

खरं खरं सांगा, काल रात्री झोपण्याआधी तुम्ही किती जणांना पडताना पाहिलंत?

स्टेज कोसळल्यामुळे हारासकट खाली गेलेले नवरा-नवरी. स्टाइलमध्ये बाईक स्टँडवर लावायला गेलेला आणि बाईकसकट आडवा झालेला भाऊ. केकवर फुंकर मारताना नाकाला क्रीम लावून घेणारं पिल्लू. ‘हा शेवटचा, मग झोपणार’ असं म्हणता म्हणता दीड वाजतो. सकाळी पहिल्या लेक्चरला डोळे उघडत नाहीत आणि रात्री पाहिलेल्यांपैकी एकाचाही चेहरा धड आठवत नाही. फक्त हसलो होतो, एवढं आठवतं.

आता गंमत ऐका. दुसऱ्याची फजिती बघत बसायची ही सवय मोबाईलने लावलेली नाही. तुमचा जन्मही झाला नव्हता, तेव्हापासून टीव्ही हेच करत आलाय. शिवाय टीव्हीने त्याला नंबर लावले. वीस, एकोणीस, अठरा... आणि ब्रेकनंतर, नंबर एक!

सुरुवात जपानमधून

१९८६ मध्ये जपानच्या टीबीएस वाहिनीवर केन शिमुरा आणि चा कातो या दोन विनोदवीरांचा एक कार्यक्रम सुरू झाला. त्यात एक भाग प्रेक्षकांनी घरी शूट केलेल्या व्हिडिओंचा होता. तेव्हा घरगुती व्हिडिओ कॅमेरा नुकताच लोकांच्या हातात येत होता. वाढदिवस, सहल, बाळाची पहिली पावलं असं सगळं शूट व्हायचं आणि मध्येच कुणीतरी धपकन पडायचं. ते पडणंच हिट झालं.

ही आयडिया अमेरिकेने रीतसर विकत घेतली. नोव्हेंबर १९८९ मध्ये एबीसी वाहिनीवर ‘अमेरिकाज फनिएस्ट होम व्हिडिओज’चा एक स्पेशल भाग दाखवला गेला. लोकांना तो इतका आवडला की जानेवारी १९९० पासून मालिकाच सुरू झाली. बॉब सॅगेट निवेदक, स्टुडिओत बसलेले प्रेक्षक मतदान करणार आणि त्या आठवड्याच्या नंबर एकच्या व्हिडिओला १० हजार डॉलर. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये आयटीव्हीवर ‘यू हॅव बीन फ्रेम्ड’ आलं. तिथे दाखवलेल्या प्रत्येक क्लिपमागे २५० पौंड मिळायचे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. हे व्हिडिओ लोक स्वतः पाठवायचे. घरच्यांनी टेप पाहिलेली असायची, पोट धरून हसून झालेलं असायचं, मग ‘पाठवूया का रे टीव्हीवर?’ असं म्हणत कुणीतरी पाकीट पोस्टात टाकायचं.

मग इंटरनेट आलं

यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ चा. सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात एक मुलगा हत्तींसमोर उभा राहून त्यांच्या सोंडेबद्दल काहीतरी बोलतो, एवढंच. वीस सेकंदांचासुद्धा नाही. त्यानंतर वर्षही झालं नव्हतं आणि जानेवारी २००६ मध्ये अमेरिकेत व्हीएच-वन या वाहिनीने ‘वेब जंक २०’ नावाचा शो आणला. नावात सगळं आलं. इंटरनेटवरचा कचरा, आणि त्यातले निवडक वीस. विसाव्या नंबरपासून पहिल्यापर्यंत उलटे मोजायचे आणि मधेमधे पॅट्रिस ओनील हा स्टँडअप कॉमेडियन त्यांची खेचायचा.

आज हे ऐकायला वेडेपणा वाटतो. जे नेटवर फुकट आहे, ते बघायला टीव्ही कशाला लावायचा? पण तो काळ वेगळा होता. व्हिडिओ लोड होताना गोल गोल फिरणारं चाक बघत बसावं लागायचं आणि भारी काय आलंय हे सांगायला फीड नव्हतं. कुणीतरी आठवडाभराचा ढीग उपसून वीस दाणे वेचून देत असेल, तर लोकांना ते हवंच होतं. २००८ पासून ब्रिटनमध्ये अ‍ॅलेक्स झेनचा ‘रूड ट्यूब’ आला. त्यात तर थेट पन्नासचा काउंटडाउन!

आता हा उलटा आकडा कशासाठी, हा प्रश्न पडलाच असेल. आपल्या आजी-आजोबांना विचारा. रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ ते कानात प्राण आणून ऐकायचे ते याचसाठी, की शेवटच्या पायदानावर कुठलं गाणं येतंय? नंबर एकचं गाणं सुरुवातीलाच लावलं असतं, तर पुढचा कार्यक्रम कोण ऐकणार? टीव्हीलाही जाहिरातींचा ब्रेक पार करायचा असतो. बाराव्या नंबरची क्लिप आणि तिसऱ्या नंबरची क्लिप यांत खरं तर उन्नीस-बीसचाच फरक असतो. पण आकडा लावला की आपल्याला वाटतं, पुढचा माणूस याच्यापेक्षा जोरात पडणार. आपण चॅनल बदलत नाही.

बाकी मसालाही ठरलेला. पडण्याच्या क्षणी व्हिडिओ थांबवायचा, तोच क्षण स्लो मोशनमध्ये पुन्हा दाखवायचा, ‘टॉइंग’ असा आवाज टाकायचा आणि निवेदकाने एक पंच मारायचा. आज रीलवर आपण जे करतो, ते यापेक्षा वेगळं नाही.

पैसा कुणाच्या खिशात?

या धंद्यातला सगळ्यात भारी विनोद कुठल्याच काउंटडाउनमध्ये आला नाही. व्हीएच-वनची तेव्हाची मालक कंपनी वायाकॉम. मार्च २००७ मध्ये याच वायाकॉमने यूट्यूबवर आणि यूट्यूब विकत घेणाऱ्या गूगलवर एक अब्ज डॉलरपेक्षा जास्त भरपाईचा दावा ठोकला. का? तर आमच्या कार्यक्रमांच्या क्लिपा तुमच्याकडे फुकट दिसतात! म्हणजे एका हाताने इंटरनेटच्या क्लिपा टीव्हीवर आणायच्या आणि दुसऱ्या हाताने इंटरनेटला कोर्टात खेचायचं. २०१४ मध्ये कोर्टाबाहेर समेट होईपर्यंत हे भांडण चाललं. मधल्या काळात वायाकॉमच्याच कॉमेडी सेंट्रलवर २००९ मध्ये ‘टॉश.०’ आणि एमटीव्हीवर २०११ मध्ये ‘रिडिक्युलसनेस’ सुरू झाले. दोन्ही शोंचा कच्चा माल एकच, व्हायरल व्हिडिओ.

‘रिडिक्युलसनेस’ची कथा तर कहर आहे. जून २०२० च्या अखेरीला अमेरिकेत एमटीव्हीने आठवड्याच्या १६८ तासांपैकी तब्बल ११३ तास हा एकच शो दाखवला. गाण्यांसाठी जन्मलेली वाहिनी दिवसरात्र लोकांना पडताना दाखवत होती. कारण सोपं आहे. यात ना हिरोचं मानधन, ना परदेशातलं शूटिंग. एक सोफा, तीन-चार माणसं आणि क्लिपा.

क्लिपांचाही बाजार असतो. ज्यूकिन मीडियासारख्या कंपन्या नेटवर गाजणारे व्हिडिओ शोधतात, मालकाला गाठतात, हक्क घेतात आणि पुढे टीव्हीला, जाहिरातवाल्यांना भाड्याने देतात. तुमच्या चुलतभावाच्या पडण्यालाही भाव आहे म्हणा ना!

कधी कधी तो पैसा घरच्यांनाही मिळतो. ब्रिटनमधल्या एका बाबाने २००७ मध्ये आपल्या दोन मुलांचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला, तो केवळ अमेरिकेतल्या नातलगासारख्या जवळच्या माणसाला दिसावा म्हणून. धाकटा मोठ्याच्या बोटाला कडकडून चावतो, एवढाच तो व्हिडिओ. ‘चार्ली बिट माय फिंगर’ जगभर गाजला आणि २०२१ मध्ये त्याचा एनएफटी ७ लाख ६० हजार ९९९ डॉलरला विकला गेला.

आणि ज्याला कुणी विचारलंच नाही

आता दुसरी बाजू. २००२ मध्ये कॅनडातल्या क्युबेकमधला एक शाळकरी मुलगा शाळेच्या स्टुडिओत एकटाच होता. गोल्फचे चेंडू काढायची लांब काठी घेऊन त्याने ‘स्टार वॉर्स’मधल्या योद्ध्यासारखी ती फिरवली आणि स्वतःला शूट केलं. आरशासमोर बॅट फिरवताना आपण सगळे विराट असतो की नाही? अगदी तसंच. ती टेप शाळेतच राहिली. काही महिन्यांनी ती इतर मुलांच्या हाती लागली आणि २००३ मध्ये नेटवर गेली. तेव्हा यूट्यूब नव्हतं, तरी ती जगभर फिरली. टीव्ही मालिकांनी त्याची नक्कल केली. तो ‘स्टार वॉर्स किड’ झाला. प्रत्यक्षात शाळेत त्याची इतकी टिंगल झाली की त्याला ती शाळा सोडावी लागली. घरच्यांनी त्या मुलांच्या कुटुंबांवर केस केली. २००६ मध्ये तडजोड झाली.

दोन्ही व्हिडिओंमध्ये मुलं आहेत, दोन्ही बघून हसू येतं. मग फरक कुठे पडला? एक व्हिडिओ घरातून बाहेर गेला, दुसरा पळवून नेला गेला.

‘टॉश.०’ला हे थोडंफार कळलं असावं. त्यात ‘वेब रिडेम्प्शन’ नावाचा एक भाग असायचा. ज्याचा नेटवर पोपट झालाय, त्याला शोमध्ये बोलवायचं, त्याच्याशी गप्पा मारायच्या आणि फसलेली गोष्ट पुन्हा करून बघायची संधी द्यायची. डॅनियल टॉश त्याची खेचायचाच, काही सोडायचा नाही. पण तो माणूस समोर बसलेला असायचा. त्याला उत्तर देता यायचं.

आमचा टॉप टेन

हे सगळं मी एवढं का सांगतेय? कारण एक काउंटडाउन मीही केलाय.

गॅदरिंगला फिशपॉन्ड असतातच. आमच्या बॅचला ते जुनाट वाटले. चिठ्ठ्या काय वाचायच्या, आपण व्हिडिओ करू! वर्षभरातल्या फजित्यांचा टॉप टेन. सगळ्यांनी क्लिपा पाठवल्या. एडिटिंग माझ्याकडे होतं. स्लो मोशन, ‘टॉइंग’, मोठाले आकडे, सगळं टाकलं.

नंबर एकवर आमच्या वर्गातली एक मुलगी होती. लहान गावातून आलेली. इंडस्ट्रियल व्हिजिटच्या वेळी आम्ही एका मॉलमध्ये गेलो होतो. ती पहिल्यांदाच सरकत्या जिन्यासमोर उभी होती. पाऊल पुढे टाकते, मागे घेते, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. चौथ्या वेळी धीर करून चढली आणि बॅगेसकट खाली बसली. कुणीतरी ते शूट केलं होतं. मी ती क्लिप तीनदा लावली. तिसऱ्यांदा उलटी.

हॉल नुसता फुटला. तीही हसली. मी पाहिलं होतं तिला हसताना. त्यामुळे सगळं ठीक आहे, असं मी धरून चालले.

त्यानंतर ती आमच्यात कट्ट्यावर बसेनाशी झाली. सेंड ऑफलाही आली नाही. खूप नंतर, परीक्षेचा शेवटचा पेपर झाल्यावर, मी तिला धीर करून विचारलं, “त्या व्हिडिओमुळे रागावलीस का गं?” ती म्हणाली, “पडले त्याचं काही नाही. गावाला आईला मीच हसत हसत सांगितलं होतं. पण नंबर एकवर कोण आहे, हे हॉलमध्ये मला सोडून सगळ्यांना आधीच माहीत होतं ना?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. मूळ फाइल मी त्याच दिवशी डिलीट केली. पण ती ग्रुपवर जाऊन कितीतरी दिवस झाले होते. ती आता कुणाकुणाच्या फोनमध्ये आहे, कोण जाणे.

फॉरवर्ड करण्याआधी

‘हसू नका’ असं सांगायला मी आलेली नाही. कुणी पडलं की हसू येतंच, मला आजही येतं. मित्रांची खेचली नाही, तर कॉलेजला जायचं कशाला? आणि ते जुने शोही काही संत नव्हते. बक्षिसासाठी मुद्दाम घडवून आणलेली पडापड त्यांच्याकडे कमी आली नसेल. पण पाकीट पोस्टात टाकणारं घर आधी स्वतः हसलेलं असायचं. आपल्या ग्रुपवर तेवढंही होत नाही. आपल्या फोनमध्ये कॅमेरा आहे, एडिटिंग आहे, चॅनलही आहे. नाही तो फक्त ‘टाकू का रे?’ हा प्रश्न.

तेव्हा एवढंच करून बघा. ज्याचा व्हिडिओ आहे, त्याला सगळ्यात आधी दाखवा. एकट्याला, ग्रुपवर नाही. तो हसला आणि म्हणाला ‘टाक बिनधास्त’, तर टाका, टॅग करा, नंबर एकवर बसवा. तो नुसताच गप्प राहिला, तर ते ‘हो’ नाही. आणि चार लोकांसमोर हसला, तर तेही ‘हो’ असेलच असं नाही, हे मी जरा महागात शिकलेय.

आणि तुमचाच व्हिडिओ कुणी न विचारता टाकला असेल, तर ‘जाऊ दे, आणखी हसतील’ म्हणून गप्प बसू नका. टाकणाऱ्याला सरळ सांगा, काढून टाक. नाही ऐकलं, तर यूट्यूब आणि इन्स्टाग्राम दोन्हीकडे व्हिडिओची तक्रार करायची सोय आहे, ती वापरा. आणि कॉलेजमधल्या ज्या मॅडम किंवा सर तुमचं ऐकून घेतील असं वाटतं, त्यांच्या कानावर घाला. यात भित्रेपणा काहीच नाही.

आज रात्री पुन्हा कुणीतरी केकमध्ये तोंड घालेल, कुणीतरी बाईकसकट आडवा होईल. तुम्ही हसाल, मीही हसेन. पण उद्या कँटीनमध्ये तुमच्या समोरचा मित्र चहा घेऊन येताना घसरला आणि तुमचा हात खिशातल्या फोनकडे गेला, तर आधी त्याला हात देऊन उठवा. शूटिंगचं मग त्यालाच विचारा. काय सांगावं, तोच म्हणेल, “थांब, पुन्हा पडून दाखवतो, नीट घे!”