गाडीचा अस्सल भाग कसा ओळखावा?

गाडी पळते ती इंजिनावर. पण माणूस सुखरूप घरी येतो तो ब्रेकवर. म्हणून आपण ब्रेकचेच उदाहरण घेऊ.

आमच्या शेजारच्या एका गाडीवाल्याने बाजारातून ब्रेकचे पॅड आणले. डबा कंपनीचा, किंमत निम्मी. स्वारी खूश! पुढे घाट उतरताना पॅड तापले आणि ब्रेक लागेना. गाडी डोंगराच्या अंगाला घासून थांबली, म्हणून जीव वाचला.

“गुरुजी, डब्यावर तर कंपनीचंच नाव होतं हो!” तो म्हणाला.

नाव खरे, माल खोटा. ब्रेक दाबला की पॅड चाकाच्या तबकडीवर घासतो आणि तापतो. चांगला पॅड ती उष्णता सोसतो. हलका पॅड तापला की त्याची पकड सुटते.

मग अस्सल भाग कसा शोधावा? काही मोटार कंपन्यांनी आपल्या सुट्या भागांची यादी इंटरनेटवर ठेवली आहे. तिला कॅटलॉग म्हणतात. मोबाइलवर ती पाहता येते. ती कशी पाहावी, ते सांगतो.

पहिले काम, आर. सी. बुक काढा. त्यात चेसिस नंबर असतो. हल्लीच्या मोटारींच्या या नंबरात अक्षरे व आकडे मिळून 17 खुणा असतात. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरत नाहीत. म्हणून गोल दिसला तर तो शून्य समजा, उभी रेघ दिसली तर तो एक समजा. नंबर कागदावर नीट उतरून घ्या.

दुसरे काम, कंपनीचाच कॅटलॉग उघडा. पत्ता नीट वाचा. सारख्या नावाची फसवी पानेही असतात. तेथे चेसिस नंबर मागितला तर तो घाला. नाहीतर गाडीचे नाव, साल आणि पेट्रोल की डिझेल ते निवडा.

तिसरे काम, चित्र पाहा. चित्रात सारे भाग सुटे करून दाखवलेले असतात. प्रत्येकाला आकडा असतो. त्या आकड्यासमोर यादीत भागाचा नंबर मिळतो. डावा-उजवा भाग ड्रायव्हरच्या जागी बसून ठरवावा, गाडीसमोर उभे राहून नव्हे. कधी जुना नंबर बंद होऊन नवा आलेला असतो. तो नवा लिहून घ्या.

चौथे काम, खरेदी. शक्यतो कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे जा. डब्यावरचा नंबर आपल्या कागदाशी ताडून पाहा. छापील किंमत, बनवल्याचा महिना व साल, बनवणाऱ्याचे नाव-पत्ता पाहा. छपाई पुसट असेल किंवा डबा आधी फोडलेला असेल, तर तो परत करा. भागाचा नंबर लिहिलेले पक्के बिल मागा.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. दुसऱ्या कारखानदाराने स्वतःच्या नावाने विकलेला भाग नकली नव्हे. तो चांगलाही असू शकतो. नकली म्हणजे दुसऱ्याचे नाव चोरून विकलेला.

फसगत झालीच तर गप्प बसू नका. बिल व डबा जपून ठेवा आणि 1915 या ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार करा.

आमच्या शेजाऱ्याजवळ बिल नव्हते. त्याला दाद मागता आली नाही. आता तो आधी नंबर वाचतो, मग पैसे मोजतो. वाचता येते त्याचा उपयोग हा असा करावा.