नोकरी सोडताना पुरा हिशेब कसा घ्यावा

रत्नागिरीत नोकरी सुटण्याच्या तऱ्हा अनेक. मिरजोळे एमआयडीसीतला मुलगा पुण्याला बरी संधी मिळाली म्हणून राजीनामा देतो. लोट्याच्या रासायनिक कारखान्यात ठेकेदार बदलतो आणि जुन्या माणसांना ‘उद्यापासून येऊ नका’ असा निरोप मिळतो. पाऊस लागला की आंब्याच्या कॅनिंगचा हंगाम आटोपतो आणि तिथल्या बायका घरी बसतात. गणपतीपुळ्याच्या लॉजवरचा माणूस मालकाशी पटले नाही म्हणून निघून येतो.

कारण कोणतेही असो, नोकरी सुटल्यावर येणे असलेले पैसे चार प्रकारचे असू शकतात. राहिलेला पगार, ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी म्हणजे पीएफ, आणि मालकाने स्वतःहून कमी केले असेल तर त्याची भरपाई. प्रत्येकाचा नियम वेगळा, मुदत वेगळी आणि दाद मागायची जागाही एकच नाही. बहुतेक जण मात्र चारही एकात धरतात, हातात पडलेल्या पहिल्या रकमेवर ‘सर्व हिशेब मिळाला’ अशी सही करतात आणि निघून येतात. फसगत तिथेच होते. म्हणून आपण एकेक टप्पा क्रमाने पाहू.

पहिला टप्पा नोकरी चालू असतानाचा आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच. नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, ओळखपत्र, पगार जमा झाल्याचे बँकेचे पासबुक, हजेरी कार्ड या सगळ्यांच्या प्रती घरी असायला हव्यात. मोबाइलवर फोटो काढून ठेवला तरी चालेल, पण तो कंपनीच्या फोनवर किंवा कंपनीच्या ईमेलमध्ये नको. नोकरी संपली की ती दारे त्याच दिवशी बंद होतात.

कागदांचे मोल कोकणाला वेगळे सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यात हजारो घरे कोकणातली होती. पुढे गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांसाठी घरे देण्याची योजना आली, तेव्हा म्हाडाने पात्रतेसाठी पुरावे मागितले: गिरणीचे ओळखपत्र, तिकीट क्रमांक, सर्व्हिस प्रमाणपत्र, लाल पास, पगार पावती, पीएफ क्रमांक. कित्येक वर्षांपूर्वी ट्रंकेत टाकलेला कागद त्या वेळी कामाला आला, आणि ज्यांच्याकडे तो नव्हता त्यांना तो शोधत फिरावे लागले.

पगार रोख मिळत असेल आणि पावती मिळत नसेल तर? तर एक वही ठेवा. किती दिवस भरले, किती पैसे मिळाले, कोणी दिले, ते तारखेसह लिहा. सोबतच्या दोघातिघांची नावे माहीत असू द्या, पुढे साक्षीला तीच माणसे येतात. नेमणूकपत्र देणे आता मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे, ते लेखी मागा. मूळ शैक्षणिक प्रमाणपत्रे मात्र मालकाकडे ठेवू नका. तपासणीला दाखवा, छायांकित प्रत द्या आणि मूळ कागद परत आणा.

दुसरा टप्पा म्हणजे नोकरी नेमकी कशी संपते आहे हे कागदावर खरे उतरणे. आपण स्वतः सोडत असाल तर राजीनाम्यात शेवटच्या दिवसाची तारीख लिहा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्का द्यायला कोणी नाखूश असेल तर तेच पत्र ईमेलने किंवा स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा.

पण मालकच कमी करत असेल आणि ‘राजीनामा लिहून द्या, म्हणजे पुढे अनुभवाचे पत्र देऊ’ असे म्हणत असेल, तर तिथे थांबा. कामगार म्हणून सलग वर्षभर काम केलेल्या माणसाला मंदी, काम घटणे अशा कारणाने कमी करायचे असेल तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई द्यावी लागते. राजीनामा लिहून दिला की ही भरपाई गेली, कारण कागदावर नोकरी आपण सोडलेली असते. अनुभवाच्या पत्रासाठी ही किंमत फार मोठी आहे. लगेच उत्तर देऊ नका, ‘घरी विचारून सांगतो’ म्हणा आणि त्याच दिवशी घडलेले सारे लिहून मालकाला पाठवा. कोऱ्या कागदावर तर कोणत्याही परिस्थितीत सही नको, नोकरीच्या पहिल्या दिवशीही नको.

आता पगार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता, म्हणजे जुने अनेक कायदे एकत्र करून केलेले चार मोठे कायदे, लागू झाल्या. त्यांतली वेतन संहिता सांगते की नोकरी संपल्यापासून कामाच्या दोन दिवसांत राहिलेले वेतन दिले पाहिजे. आपण राजीनामा दिला असो, काढले असो किंवा कारखाना बंद पडला असो, मुदत हीच. ‘हिशेब पुढच्या महिन्याच्या पगारासोबत करू’ हे उत्तर आता चालत नाही. ही संहिता कारखान्याइतकीच दुकानाला, हॉटेलला आणि कार्यालयालाही लागू आहे.

रक्कम हातात आली की आधी तिची फोड मागा. किती दिवसांचा पगार, किती रजेचे पैसे, कोणती कपात आणि का. रक्कम कमी वाटत असेल तरी पैसे नाकारण्याची गरज नाही. पावतीवर ‘हक्क राखून स्वीकारली’ असे स्वतःच्या हाताने लिहा आणि मग सही करा. पुढे दाद मागायला जागा राहते ती या तीन शब्दांमुळे. तसे लिहू देत नसतील तर पैसे बँकेत जमा करायला सांगा.

ग्रॅच्युइटीबद्दल आपल्याकडे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून इथे जरा थांबू. ग्रॅच्युइटी म्हणजे दीर्घ सेवेबद्दल नोकरी संपताना मिळणारी एकरकमी रक्कम. कारखाना असो वा १० किंवा अधिक माणसे असलेले दुकान, आस्थापना, तिथे ती लागू होते. एकदा लागू झाली की पुढे माणसे कमी झाली तरी सुटका नाही. साधारणपणे सलग पाच वर्षे सेवा लागते. मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास ही पाच वर्षांची अट नसते. ठरावीक मुदतीच्या लेखी करारावर असलेल्यांना नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार एका वर्षाच्या सेवेनंतरही तिच्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते.

हिशेब सोपा आहे. शेवटच्या महिन्याचे वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षे. वेतन १५,६०० असेल तर २६ ने भागून दिवसाचे ६०० होतात आणि १५ दिवसांचे ९,०००. सेवा ७ वर्षे ८ महिने झाली असेल तर सहा महिन्यांवरचा भाग पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे ८ वर्षे. एकूण ७२,००० रुपये. कमाल मर्यादा २० लाखांची आहे.

यात चूक होते ती ‘वेतन’ कशाला म्हणायचे इथे. अनेक ठिकाणी मूळ पगार मुद्दाम कमी दाखवून बाकीची रक्कम भत्त्यांत टाकलेली असते. पावतीवर मूळ पगार ६,००० आणि भत्ते १४,००० असतील तर पूर्वी ग्रॅच्युइटी ६,००० वर बसायची. नव्या व्याख्येनुसार एकूण मोबदल्याचा किमान निम्मा भाग वेतन धरावा लागतो, म्हणजे इथे निदान १०,०००. संहिता लागू झाल्यानंतर नोकरी सुटली असेल तर हा हिशेब आवर्जून तपासा.

हंगामी कामाचे काय? ‘हंगामी बायकांना ग्रॅच्युइटी नसते’ असे सर्रास ऐकू येते. ते चूक आहे. हंगामी आस्थापनेत प्रत्येक हंगामामागे ७ दिवसांचे वेतन मिळते. कारखाना त्या वर्षी जितके दिवस चालला त्यांपैकी निदान तीन चतुर्थांश दिवस आपण कामावर असाल तर ते वर्ष सलग सेवेत धरतात. दिवसाला ५०० रुपये मिळणाऱ्या बाईने असे १० हंगाम भरले असतील तर ३५,००० रुपये होतात. कॅनिंगच्या कामावर जाणाऱ्या घरात ही रक्कम छोटी नाही. आणि कोळंबी सोलण्यासारखे काम किलोवर असेल, तर शेवटच्या तीन महिन्यांच्या कमाईची सरासरी काढून दिवसाचे वेतन ठरवतात, त्यात ओव्हरटाइम धरत नाहीत. म्हणजे ‘तुमचा पगारच ठरलेला नाही’ हे कारण टिकणारे नाही. दर हंगामाचे हजेरी कार्ड जपून ठेवा, एवढेच मी हात जोडून सांगेन.

ग्रॅच्युइटीचा अर्ज मालकाकडे ३० दिवसांत लेखी द्यावा, पण उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. मालकाने ती देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते, त्यानंतर व्याज लागते. ‘नोटीस न देता गेलात म्हणून ग्रॅच्युइटी नाही’ असे मालकाला म्हणता येत नाही. मालमत्तेचे नुकसान, हिंसक वर्तन, नैतिक अधःपतनाचा गुन्हा अशा मोजक्या कारणांसाठी कामावरून काढले असेल तरच ती पूर्ण किंवा काही अंशी रोखता येते.

पीएफचे पैसे मालकाकडे नसतात, ते सरकारी खात्यात असतात. निदान असायला हवेत. पगारातून आपले १२ टक्के आणि मालकाचे १२ टक्के. मालकाच्या हिश्शातून ८.३३ टक्के निवृत्तिवेतनाकडे वळतात. आपल्या पावतीवर कपात दिसते आहे, म्हणजे पैसे भरले गेले असे समजू नका. यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा १२ आकडी क्रमांक, मिळवून पासबुक पाहा. यूएएनला जोडलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल दिला तरी शिल्लक कळते. कापलेले पैसे भरले नसतील तर तो फौजदारी गुन्हा ठरू शकतो.

पैसे अडकतात ते बहुतेक वेळा नावामुळे. लग्नाआधी नोकरी लागलेल्या मुलीचे पीएफमध्ये माहेरचे नाव असते, आधारवर सासरचे, आणि अर्ज परत येतो. जन्मतारखेचा घोळही तसाच. यूएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा आणि आधारशी जुळलेला असेल तर बरीच दुरुस्ती पोर्टलवर स्वतःच करता येते. जुना असेल तर मालकाची संमती लागते. ती संमती नोकरीत असताना एका दिवसात मिळते, भांडण होऊन निघाल्यावर महिने जातात. दुसरी अडचण म्हणजे नोकरी सोडल्याची तारीख मालकाने न भरणे. शेवटचा भरणा होऊन दोन महिने झाले की ती तारीख आपणच पोर्टलवर नोंदवू शकता.

नवी नोकरी लागली असेल तर पैसे काढू नका, खाते नव्या नोकरीत वर्ग करा. निवृत्तिवेतनासाठी १० वर्षांची सेवा लागते आणि दर वेळी सगळे काढून घेतले की ती मोजणी पुन्हा शून्यावर येते. रत्नागिरीचे पीएफचे काम कोल्हापूरच्या कार्यालयातून चालते, पण प्रत्येक तक्रारीसाठी आंबा घाट चढायची गरज नाही. दर महिन्याच्या २७ तारखेला ‘निधी आपके निकट’ हा मेळावा जिल्ह्याजिल्ह्यांत भरतो. जिल्ह्यातली त्या महिन्याची जागा आधी विचारून घ्या आणि कागद घेऊन तिथे जा.

एवढे करूनही पैसे मिळाले नाहीत तर आधी मालकाला लेखी मागणी पाठवा. रागाचे शब्द नकोत. कधीपासून कधीपर्यंत काम केले, कोणती रक्कम कोणत्या हिशेबाने येणे आहे आणि किती दिवसांत हवी, इतकेच. ठेकेदाराकडे असाल तर पत्राची प्रत मूळ कंपनीलाही द्या. ठेकेदाराने वेतन बुडवले तर ते देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, आणि हे माहीत नसल्याने लोटे, जयगडसारख्या ठिकाणी माणसे गायब झालेल्या ठेकेदाराला फोन करत बसतात.

त्यानंतर रत्नागिरीच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज द्या. वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. कामावरून काढल्याचा वाद असेल तर दोन वर्षांच्या आत, त्यामुळे ‘बघू, मालक बोलावतील’ म्हणत वेळ घालवू नका. एक गोष्ट धीर देणारी आहे. पगार दिला नाही अशी आपली तक्रार असेल तर तो दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी वेतन संहितेने मालकावर टाकली आहे. दावा खरा ठरला तर थकीत रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकारही प्राधिकाऱ्याला आहे.

वकिलाच्या फीची भीती वाटत असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्यानुसार महिलांना आणि औद्योगिक कामगारांना तिथे मोफत वकील मिळतो, महिलांना तर उत्पन्नाची अटही नाही. १५१०० हा त्यांचा मदत क्रमांक.

तारखेला स्वतः हजर राहा. दोनतीन तारखा चुकल्या की खरा दावाही निकालात निघतो. मालक तडजोडीला आला तर ती तोंडी ठेवू नका. रक्कम, ती कोणत्या बाबीची आणि कोणत्या तारखेला मिळणार हे लिहून घ्या, अधिकाऱ्यासमोर सह्या होऊ द्या, आणि तक्रार मागे घेण्याचा अर्ज पैसे बँकेत जमा झाल्यावरच द्या.