संगणकावर जनावराची लव: जुन्या कुंचल्याला नवे काम

दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची चित्रे आणि डेअरीच्या भिंतीवरची म्हैस हाताने रंगविणारे कारागीर आपल्या शहरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत व आजच्या छत्रपती संभाजीनगरात, एके काळी गल्लोगल्ली होते. फ्लेक्सची छपाई आली आणि यांतील बहुतेकांच्या हातचे काम गेले. काहींनी रंगाचे डबे ठेवून रिक्षा धरली, तर काहींची मुले संगणक शिकून डिझाइनच्या दुकानात बसली. बोकडाचे किंवा गायीचे चित्र हवे असले की ही मुले कोणाचा तरी फोटो उचलतात, त्याची पार्श्वभूमी कापतात आणि चिकटवतात. त्या कापाकापीत अंगावरची लव जाते आणि जनावर पुठ्ठ्याचे दिसू लागते.

शेळीपालन केंद्राचा फलक, पशुखाद्याचे पोते, डेअरीची पिशवी, शाळेचे तक्ते, मुलांची पुस्तके अशा अनेक कामांना जनावराचे खरे वाटणारे चित्र लागते. ते संगणकावर कसे रंगवावे, हे या लेखात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे. सजीवांच्या चित्राविषयी उलेमांमध्ये मतभेद आहेत. तो प्रश्न ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारून सोडवावा. आम्ही येथे फक्त हुन्नराविषयी बोलत आहोत.

हुन्नर जुनाच आहे

जहांगीर बादशहाच्या दरबारात उस्ताद मन्सूर आणि अबुल हसन हे दोन थोर चित्रकार होते. खारीच्या शेपटीच्या केसांचा बारीक कुंचला घेऊन ते प्राण्याच्या अंगावरची लव रेघ-रेघ करून उठवीत. अशा बारीक रेघांच्या आणि ठिपक्यांच्या कामाला पर्दाज म्हणतात. चिनाराच्या झाडावरील खारींचे इ.स. 1610 च्या सुमाराचे प्रसिद्ध चित्र अबुल हसनचे मानले जाते. ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. संगणकावर करायचे ते हेच काम आहे, फक्त कुंचल्याच्या जागी पेन आले.

साधने

माऊसने लव रंगविता येत नाही. दाब ओळखणारे पेन आणि त्याची पाटी, म्हणजे पेन टॅब्लेट, घ्यावीच लागते. छोट्या आकाराच्या टॅब्लेटवरही सुरुवात होते. हलका दाब दिला की बारीक रेघ आणि जोर दिला की जाड रेघ उमटते. ज्याचा हात ब्रशवर बसला आहे त्याला याची सवय लवकर होते.

सॉफ्टवेअरमध्ये फोटोशॉप सर्वांना ठाऊक आहे. पण त्याचे पैसे भरावे लागतात आणि चोरीच्या प्रतीवर धंदा उभा करणे बरे नव्हे. क्रिटा आणि गिंप ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात, कायदेशीर आहेत आणि या कामाला पुरेशी आहेत.

आधी जनावर पाहा

रंगवायच्या आधी छावणीच्या जनावरांच्या बाजारात किंवा ओळखीच्या गोठ्यात जाऊन बसा. सकाळच्या तिरप्या उन्हात स्वतः फोटो काढा. वाघ रंगवायचा असेल तर सिद्धार्थ उद्यानात जा. आपलाच फोटो असला म्हणजे कोणाच्या हक्काचा प्रश्न राहत नाही.

जातीजातीची लव वेगळी असते. उस्मानाबादी शेळी बहुधा काळी, आखूड व चमकदार केसांची असते. जमनापारीच्या मागच्या मांड्यांवर लांब केसांची झालर लोंबते. सिरोहीच्या तपकिरी अंगावर ठिपके नि डाग असतात. दख्खनी मेंढीची लोकर राठ असते आणि तिच्यात एकेक केस दिसत नाही, पुंजके दिसतात. जमनापारी म्हणून आखूड केसांचे जनावर काढले तर पाळणारा माणूस क्षणात हसेल.

मग केसांचा ओघ पाहा. नाकाडावरून केस कपाळाकडे वर जातात, मानेवर मागे आणि खाली वळतात, बरगड्यांवर शेपटीकडे झुकतात आणि पायांवर खुरांकडे उतरतात. जेथे दोन ओघ भेटतात तेथे भोवरा पडतो. बैल घेताना शेतकरी भोवरा आधी बघतो, आपणही तो विसरू नये. चित्राच्या वेगळ्या थरावर, म्हणजे लेअरवर, हा ओघ बाणांनी काढून ठेवा व काम संपल्यावर तो लेअर पुसून टाका.

रंगविण्याचा क्रम

पहिल्या लेअरवर केस मुळीच काढू नका. मऊ ब्रशने अंगाचा घाट, उजेड आणि सावली बसवा. लांबून पाहता जनावर गोल आणि भरीव दिसले पाहिजे. पाया कच्चा असेल तर हजार केस काढूनही चित्र सुधारत नाही.

दुसऱ्या लेअरवर गडद रंगाचे पुंजके काढा. तिसऱ्यावर मधल्या रंगाचे केस आणि चौथ्यावर उजेडातले थोडे फिके केस काढा. यासाठी टोकदार कडेचा गोल ब्रश घ्या, त्याची जाडी पेनच्या दाबाशी जोडा आणि ठिपक्यांमधले अंतर अगदी कमी ठेवा. रेघ मुळाशी जाड व टोकाशी निमुळती हवी, म्हणून टोकाला हात झटकन उचलावा. चार-पाच ठिपक्यांचा स्वतःचा ब्रश बनविला तर एका फटकाऱ्यात चार-पाच केस येतात. मात्र सर्व अंग त्यानेच भरू नका, नाहीतर चटई विणल्यासारखे दिसते.

कौले घालणारा गवंडी खालच्या वळचणीपासून सुरू करतो आणि आढ्याकडे जातो, कारण वरचे कौल खालच्यावर बसते. केसांचेही तसेच आहे. म्हणून शेपटीकडून डोक्याकडे आणि खुराकडून वर रंगवीत यावे. तोंडावर केस अगदी आखूड, मानेवर त्याहून लांब आणि पोटाखाली आणखी लांब असतात. ही लांबी एकदम न बदलता हळूहळू बदलावी.

जनावराची बाहेरची कड कधी सरळ ठेवू नका. ठिकठिकाणी दोन-चार केस कडेबाहेर काढा. फोटो कापून चिकटविलेल्या चित्रात नेमकी हीच गोष्ट नसते.

रंगाचे दोन धडे

काळी शेळी निव्वळ काळ्या रंगाने रंगवू नका. तिच्या पाठीवर आभाळाची निळसर झाक असते आणि पोटाखाली मातीची तांबूस झाक असते. पांढऱ्या बोकडात पांढरा रंग सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी वापरावा. बाकी सारे राखी, फिके पिवळे आणि निळसर असते.

छपाईचा हिशेब

10 फूट बाय 6 फुटांच्या फ्लेक्सला खऱ्या मापात इंचाला 72 बिंदू साधारणपणे पुरतात, म्हणजे 8640 बाय 5184 बिंदूंचे चित्र लागते. पिशवीच्या किंवा कार्डाच्या छपाईला मात्र इंचाला 300 बिंदू धरावेत. मोठा फलक रस्त्यापलीकडून पाहिला जातो, तेथे एकेक केस दिसत नाही. पुंजके नीट काढा आणि बारीक केसांची मेहनत डोळे, कान व कड यांपुरती ठेवा. पडद्यावरचे रंग छपाईत मळकट होतात, म्हणून आधी एक फुटाचा तुकडा छापून पाहावा.

एक इशारा

आता संगणकाला चार शब्द सांगितले की तो मिनिटात बोकड काढून देतो. पण ग्राहकाला त्याच्याच कळपातला बोकड, तोच डाग आणि तोच भोवरा हवा असतो. तेथे पाहणारा डोळा आणि बसलेला हात लागतो, आणि आपल्या कारागिरांची रोजी तेथेच आहे.

बकरी ईदच्या आधी मोबाईलवर फोटो पाठवून बोकड विकले जातात. फोटोतील खरूज झाकून दे, उडालेले केस भरून दे, फुटलेले शिंग जोडून दे, अशी मागणी मग डिझाइनच्या दुकानात येते. ज्याला लव रंगविता येते त्याला हे सहज जमते, म्हणूनच त्याने हे काम नाकारावे. कुर्बानीच्या जनावरात उघड ऐब चालत नाही आणि साध्या व्यवहारातही ऐब लपवून विकणे हलाल नाही.

1621 साली जहांगीरपुढे झेब्रा आणला गेला, तेव्हा त्याच्या अंगावरचे पट्टे कोणी रंगविले असावेत असा संशय काहींना आला. नीट पारखल्यावर ते जन्माचेच ठरले. मग मन्सूरने त्या झेब्र्याचे चित्र काढले, पट्टे होते तसेच. फलकावरचे चित्र हे चित्र म्हणूनच विका, आणि विक्रीच्या जनावराचा फोटो मात्र आहे तसाच राहू द्या. या हुन्नराला बरकत त्यातूनच येईल.