आतला पाहुणा कोसळला, यजमानाला कळावे कसे?

आमच्या ओळखीच्या एका कार्यालयातला हिशेबाचा संगणक शुक्रवारी संध्याकाळी कोसळला आणि सोमवार सकाळपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. देखरेखीच्या पडद्यावर तो ‘चालू’ असाच दिसत होता. पगार दोन दिवस लांबले. एबेनमध्ये काम करणाऱ्या आपल्या मुलांना यात नवल वाटणार नाही. घरातल्या थोरांसाठी आम्ही हे सांगत आहोत.

तो संगणक वेगळे यंत्र नव्हताच. एका मोठ्या यंत्राच्या पोटात असे अनेक आभासी संगणक चालतात. मोठ्या यंत्राला होस्ट म्हणजे यजमान म्हणतात, आतल्याला गेस्ट म्हणजे पाहुणा. पाहुण्याला स्वतःची स्मृती आणि स्वतःची कार्यप्रणाली मिळते. त्याच्या खोलीत काय चालले आहे, ते यजमान पाहत नाही. लिनक्सचा गाभा कोसळला, की ठरवून दिले नसेल तर तो पुन्हा सुरू होत नाही, एकाच जागी घुटमळत राहतो. बाहेरून पाहावे तर वाटते, स्वारी कामात आहे!

यावर केव्हीएम आणि क्यूएमू वापरणाऱ्यांसाठी २०१३ साली ‘पीव्हीपॅनिक’ नावाचे छोटे आभासी उपकरण आले. ही पाहुण्याच्या उशाशी टांगलेली घंटाच म्हणा ना. कोसळता कोसळता लिनक्स एका ठरलेल्या पोर्टवर १ हा अंक लिहितो. त्या पोर्टला हात लागताच ताबा यजमानाकडे जातो, आणि क्यूएमू ‘पाहुणा कोसळला’ अशी वर्दी देतो. पुढे काय करायचे ते लिबव्हर्टमध्ये आधीच लिहून ठेवता येते: यंत्र बंद करावे, पुन्हा सुरू करावे, की आधी सगळी स्मृती फाइलीत उतरवून घ्यावी. आमच्या मते हे शेवटचे सर्वांत मोलाचे, कारण का कोसळला ते त्यातूनच कळते. विंडोजची रीत आणखी बोलकी आहे. हायपर-व्हीमध्ये ती चुकीचा क्रमांक आणि सोबत चार आकडे यजमानाच्या हाती ठेवते.

पण पाहुणा न कोसळता नुसताच गोठला, तर घंटा वाजवणार कोण? त्यासाठी ‘वॉचडॉग’ हा राखणदार असतो. पाहुण्याने ठरावीक वेळाने त्याला हाक द्यायची; हाक चुकली, की तो यजमानाला उठवतो.

त्या कार्यालयात ना घंटा होती, ना राखणदार. दोन्ही आता बसवले आहेत.