घडी, पाकीट आणि खिशातला फोन

नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये टपाल तिकिटांबरोबर पोस्टकार्डं आणि आंतरदेशीय पत्रंही छापली जात. या दोहोंतला फरक आपल्या आधीच्या पिढीला शिकवावा लागला नाही. खुशाली पोस्टकार्डावर लिहायची, घरातली अडचण इनलँडच्या घडीत. सरकारला पत्र अडवण्याचा अधिकार १८९८च्या पोस्ट ऑफिस कायद्याच्या २६व्या कलमाने होताच. तो आणखी रुंदावणारं विधेयक संसदेने १९८६ साली मंजूर केलं, पण राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही. कागदाची एक घडी थेट राष्ट्रपती भवनापर्यंत पोचली होती.

स्मार्टफोनमध्ये ही घडी कुठे असते? व्हॉट्सॲपचे संदेश कूटबद्ध असतात, हे उत्तर खरं आहे, पण ते पाकिटापुरतं. ज्या खोलीत बसून आपण पत्र लिहितो, ती खोली म्हणजे फोनची ऑपरेटिंग सिस्टिम. अँड्रॉइडचा मूळ सोर्स कोड खुला आहे. तो घेऊन कुणालाही आपली प्रणाली उभारता येते. दुकानातल्या बहुतेक अँड्रॉइड फोनवर मात्र त्याच्या जोडीला गूगल प्ले सर्व्हिसेस येतात आणि साध्या ॲपला मिळत नाहीत असे अधिकार त्यांना असतात. ऑक्टोबर २०२२मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, तो गूगलची ॲप्स फोन कंपन्यांच्या गळ्यात एकगठ्ठा बांधण्यासारख्या प्रथांबद्दल.

मी माझ्या फोनवर ग्राफीनओएस ही प्रणाली बसवली. तिच्यात प्ले सर्व्हिसेस मुळात नसतात. हव्या असल्या तर इतर ॲपसारख्याच, विशेष अधिकारांविना बसतात. कुठल्याही ॲपचं इंटरनेट स्वतंत्रपणे तोडता येतं. ॲपने संपर्कयादी मागितली, तर मोजकी नावं दाखवता येतात किंवा कोरी यादी पुढे करता येते.

मला महत्त्वाची वाटली ती ही शेवटची सोय. पेठ-सुरगाण्याहून हंगामात दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला येणाऱ्या बायकांच्या आठवणी मी ध्वनिमुद्रित करतो. मजुरी, घेतलेली उचल, मुकादमाशी झालेलं भांडण, असं सगळं त्या बोलतात. ऐकण्याची परवानगी त्यांनी मला दिली. माझ्या फोनमधली त्यांची नावं आणि नंबर पाहण्याची परवानगी एखाद्या ॲपला कुणी दिली? बटण मी दाबतो, उघडे पडतात ते दुसरेच. खासगीपणाची चर्चा आपण 'माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे?' या प्रश्नावर संपवतो, तेव्हा हे दुसरे लोक विसरले जातात.

या बदलाची किंमतही सांगितली पाहिजे. ही प्रणाली आजवर गूगलच्याच पिक्सेल फोनवर चालत आली आहे, कारण दुसरी प्रणाली बसवून फोनचं मूळ कुलूप पुन्हा नीट लावण्याची सोय त्यांत आहे. ते कुलूप प्रथम उघडताना फोनमधलं सारं पुसलं जातं, म्हणून आधी प्रत काढून ठेवावी लागते. काही बँकांची ॲप्स गूगलचं प्रमाणपत्र असलेलीच प्रणाली मान्य करतात. माझ्या बँकेचं ॲप उघडलंच नाही, त्यासाठी जुना फोन घरी ठेवला आहे. शिवाय सिम चालू असलेला फोन कुठल्या टॉवरजवळ आहे, हे मोबाइल कंपनीला कळतंच. आणि मी पाठवलेला मजकूर पलीकडच्याच्या फोनवर किती सुरक्षित आहे, तेही माझ्या हातात नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. तो हक्क सर्वांचा आहे. पण ज्या बायकांसाठी मी हा खटाटोप केला, त्यांच्या हातातल्या स्वस्त फोनवर ही प्रणाली बसत नाही आणि पिक्सेल त्यांच्या मजुरीत येत नाही. प्रश्न हुशार ग्राहकाने सोडवायचा राहिला, की तो परवडणाऱ्यांपुरताच सुटतो. इनलँडची घडी मात्र सगळ्यांना एकाच भावात मिळत असे.