वजन वाढणं आणि वाढ होणं

‘वाढ’ म्हणजे नेमकं काय, हा आजचा विषय. उदाहरण घेतोय ते तुम्हाला जरा चमत्कारिक वाटेल: पाळलेल्या अजगराचं पिल्लू. पण अजगर आणि तत्त्वचर्चा यांचा संबंध जुना आहे. महाभारताच्या वनपर्वात अजगर झालेला नहुष युधिष्ठिराला प्रश्न विचारतो, ते तत्त्वज्ञानाचेच.

आधी कायद्याचं सांगतो, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. आपला भारतीय अजगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार पहिल्या अनुसूचीत आहे. तो घरी पाळणं हा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर संरक्षित परदेशी प्रजाती बाळगणाऱ्यालाही नोंदणी करावी लागते. मी बोलतोय ते अमेरिकेत, ब्रिटनमध्ये सर्रास पाळल्या जाणाऱ्या बॉल पायथनबद्दल. हा मूळचा आफ्रिकेतला, घाबरला की अंगाचा चेंडू करून डोकं आत लपवणारा.

अंड्यातून बाहेर येतं तेव्हा याचं पिल्लू साधारण ५० ते ७० ग्रॅमचं असतं. पहिली कात टाकेपर्यंत ते बहुधा काही खात नाही; पोटात शिल्लक राहिलेल्या बलकावर त्याचं भागतं. मग दर पाच-सात दिवसांनी एक लहान उंदीर, स्वतःच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के. म्हणजे ६० ग्रॅमच्या पिल्लाला ६ ते ९ ग्रॅमचा घास. जाणकार लोक गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून, कोमट करून देतात.

आता वाढ मोजायची कशी? स्वयंपाकघरात असतो तसला डिजिटल काटा घ्यायचा. त्यावर रिकामा डबा ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि पिल्लू डब्यात ठेवायचं. वजन नेहमी खाण्याआधी करायचं, कारण खाल्ल्यानंतर काटा पिल्लाचं नव्हे, पिल्लू अधिक उंदीर यांचं वजन सांगतो. लांबीसाठी सापाला ताणून सरळ करायचं नाही. तो शांत पसरलेला असताना बाजूने दोरा धरायचा आणि मग दोरा मोजायचा. टाकलेली कात मोजून फसू नका. कात निघताना ताणली जाते, त्यामुळे ती सापापेक्षा लांब भरते.

पण वहीत आकडा चढला म्हणजे वाढ झाली का? अॅरिस्टॉटलने हा प्रश्न फार बारकाईने हाताळला आहे. ढिगात वाळू टाकली की ढीग मोठा होतो. सजीवाचं तसं नसतं. तिथे प्रत्येक अंग वाढतं, आणि तरी ती वस्तू तीच राहते. बाहेरचं अन्न ‘त्याचं’ व्हावं लागतं.

अजगराच्या पोटात हे अक्षरशः घडतं. बॉल पायथनचा मोठा भाऊबंद म्हणजे बर्मी अजगर. मोठा घास गिळल्यावर दोन दिवसांत त्याच्या हृदयाचा स्नायू सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो, असं २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. आतडी, यकृतही वाढतात. पचन संपलं की सगळं पुन्हा पूर्ववत! बघा हं, मोठं होणं आणि वाढणं या दोन गोष्टी एकाच देहात वेगळ्या दिसतात.

इथे पाळणाऱ्याची कसोटी लागते. काहींना घाई असते. पिल्लू लवकर मोठं दिसावं, लवकर प्रजननाला यावं म्हणून भराभर खाऊ घालतात. आलेख सुरेख चढतो. चढते ती पुष्कळदा चरबी. उलट काहींचा जीव टांगणीला लागतो, कारण बॉल पायथन उपाशी राहण्यात पटाईत. कात टाकायच्या आधी डोळे निळसर, दुधाळ होतात, तेव्हा तो अन्न नाकारतो. मोठे साप तर थंडीत महिनोन् महिने खात नाहीत आणि ठणठणीत असतात. पिल्लाला मात्र इतकी सवलत नाही. म्हणून वहीत नुसतं वजन नको. काय खाल्लं, काय नाकारलं, कात कधी टाकली, विष्ठा कधी झाली, उबदार कोपरा ३१ ते ३३ अंशांवर होता की नाही, हेही हवं. खाणं नाकारलं आणि वजन टिकून आहे, तर थांबावं. खाणं नाकारलं आणि वजन उतरतच चाललंय, तर प्राणिवैद्य गाठावा. एकटा आकडा मुका असतो. शेजारच्या नोंदी त्याला बोलतं करतात.

आणि वाढीचा शेवट आधीच पाहून ठेवावा. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात १९६१ साली आलेल्या बॉल पायथन मादीने २०२० साली तिथेच अंडी घातली! हातभर बर्मी पिल्लू आणणाऱ्यांनी हा विचार केला नाही. तीनेक वर्षांत ते तीन मीटरचं झालं, झेपेना, आणि काहींनी ते फ्लोरिडात मोकळं सोडलं. आज एव्हरग्लेड्सच्या दलदलीत या अजगरांनी बस्तान बसवलंय. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दक्षिणेकडच्या भागात रॅकून दिसण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक घटलेलं आढळलं.

तेव्हा वही ठेवायची ती पिल्लू किती लवकर मोठं होतंय हे मिरवायला नाही. ते त्याच्या चालीने वाढतंय का, आणि त्या वाढीला शेवटपर्यंत पुरे पडण्याची आपली तयारी आहे का, हे दोन प्रश्न दर आठवड्याला स्वतःला विचारायला. मुलांच्या गुणपत्रिका हातात घेतानाही हेच दोन प्रश्न विचारून बघा.